‘स्मार्ट’ म्हणजे नेमकं काय करतं? योजनांना नावं देणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
शासनाच्या विभागांत, महापालिकांत आणि महामंडळांत योजनांना नावं देणारे सर्व अधिकारी व त्यांचे सल्लागार

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा मजकूर माझ्या हाताखालून गेलेला आहे. मी अनुवादक. माहितीपत्रकं, निविदांचे गोषवारे, चौकात लावायचे फलक, उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका असं काय काय इंग्रजीतून मराठीत आणून देते. या सगळ्या कागदांत एक विशेषण असं आहे की त्याला हात लावायची मला कधी परवानगीच मिळाली नाही. ते म्हणजे ‘स्मार्ट’. शहर स्मार्ट, गाव स्मार्ट, शाळा स्मार्ट, अंगणवाडी स्मार्ट, दिव्याचा खांब स्मार्ट. समासात आधीच लिहून आलेलं असतं, ‘हा शब्द तसाच ठेवणे’. ठेवते बापडी.

शब्द इंग्रजी आहे ही माझी तक्रार नाही. टेबल, बस, पेन्शन यांच्याशी माझं भांडण नाही आणि स्मार्टशीही नाही. तो इतका मुरलेला आहे की स्थळांच्या जाहिरातीत तो ‘गोरी’ आणि ‘सुशिक्षित’ यांच्या मधोमध आरामात बसतो. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती सांगायची तर या शब्दाची कुळकथा सांगावी लागेल. थोडी लांबण लागेल, पण सल्लागारांची सादरीकरणं तुम्ही ऐकून घेता, तेव्हा ही एक चार पानं सोसा.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द होता, आणि त्याचा अर्थ होता दुखरा, झोंबणारा. त्याचं क्रियापद आजही जिवंत आहे. कांदा चिरताना, धुरात, साबण गेल्यावर इंग्रज माणसाचे डोळे ‘स्मार्ट’ होतात, म्हणजे चुरचुरतात. चिरलेल्या बोटाला ठेच्याची मिरची लागली की जे होतं, ते या शब्दाचं जन्मस्थान. त्याची भावंडं शेजारच्या भाषांत अजून त्याच घरात राहतात. जर्मन भाषेत वेदनेला ‘श्मेर्त्स’ म्हणतात. डच भाषेत तर अक्षरं तीच, ‘स्मार्ट’, आणि अर्थ दुःख. रडक्या, गळा काढून म्हणायच्या गाण्याला डच लोक ‘स्मार्टलाप’ म्हणतात. अपघातात माणसाला जो त्रास झाला त्याची भरपाई म्हणून मिळणारे पैसे म्हणजे ‘स्मार्टेनगेल्ड’. (आणि तरी ‘ॲमस्टरडॅम स्मार्ट सिटी’ नावाचा उपक्रम २००९ पासून तिथे सुरू आहेच. तिथला स्मार्ट अर्थात इंग्रजीतून आलेला. घरातल्या दुःखाशी त्याची गाठ पडते की नाही, हे डच लोकांनाच विचारायला हवं.)

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने कँटरबरीच्या यात्रेकरूंचं वर्णन केलं, त्यात एक मठवासिनी आहे. हळव्या मनाची. तिच्या छोट्या कुत्र्यांना कुणी काठीचा ‘स्मार्ट’ फटका मारला तर तिला रडू येतं. इथे स्मार्टचा अर्थ सणसणीत. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये भावाचा खून करून गादीवर बसलेला क्लॉडियस राजा आपल्या दरबारातल्या पलोनियसचं एक साधंसं वाक्य ऐकतो, की देवभोळ्या चेहऱ्याने माणसं सैतानालाही साखर चोपडतात. आणि स्वतःशी म्हणतो, या बोलण्याने माझ्या मनाला केवढा स्मार्ट चाबूक मारला! इथवर हा शब्द लागणारा, वळ उठवणारा आहे.

मग हुशारीचा अर्थ कुठून आला? आपल्याला हे समजायला फारसं अवघड जाऊ नये. आपण ‘झोंबणारं बोलणं’ म्हणतो, कान ‘तिखट’ असतात म्हणतो, आणि माणसाला शहाणं करायचं तर त्याच्या डोळ्यांत ‘झणझणीत अंजन’ घालतो. आधी आग, मग दृष्टी. इंग्रजीतही वाट जवळपास तीच. जोराचा फटका तो स्मार्ट, म्हणून झपाझप चालणं स्मार्ट, म्हणून चपळ माणूस स्मार्ट, म्हणून ज्याची जीभ चटकन चालते आणि जो सौद्यात फसत नाही तो स्मार्ट. सतराव्या शतकापर्यंत या शब्दात बुद्धी पुरती उतरलेली दिसते. पण मूळची आग गेली नव्हती. हुशार तो होता, पण लागणारा हुशार.

कपड्यांचा अर्थ अठराव्या शतकातला. नीटनेटका, टापटिपीचा. परेडच्या मैदानावर कडक इस्त्री आणि खाडकन सलाम म्हणजे स्मार्ट. आमच्या एनसीसीच्या सरांचं ‘स्मार्ट टर्नआउट’ याच घराण्यातलं. पुढे ब्रिटनमध्ये कपडे जास्त ठळक झाले, अमेरिकेत डोकं. मराठीने दोन्ही घेतले आणि आपल्या सोयीने वाटले. ‘जावई स्मार्ट आहे’ म्हटलं की तो देखणा. ‘जास्त स्मार्ट बनू नको’ म्हटलं की प्रश्न दिसण्याचा राहत नाही. याच दुसऱ्या अर्थाचा आगाऊपणा मोजायला आपण इकडे ‘ओव्हरस्मार्ट’ केला आणि तो ‘दीडशहाण्या’शेजारी नेऊन बसवला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातच अशा माणसाला ‘स्मार्ट ॲलेक’ म्हणू लागले होते.

या सगळ्या वंशावळीत मला सर्वांत आवडणारा तुकडा पैशांचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘स्मार्ट मनी’ म्हणजे जखमी झालेल्या खलाशाला किंवा सैनिकाला मिळणारी भरपाई. ती मिळवायला जखमेचा दाखला लागे, त्याला म्हणत ‘स्मार्ट तिकीट’. सैन्यात नाव नोंदवून बसलेला, पण शपथ घेण्यापूर्वी पाय मागे घेणारा गडी जे पैसे भरून सुटका करून घेई, तेही स्मार्ट मनी. न्यायालयांनी नुकसानीच्या वर, केवळ अद्दल घडावी म्हणून लावलेला दंड, तोही स्मार्ट मनी. शेअर बाजारातल्या जाणत्या लोकांचा पैसा हा अर्थ फार नंतरचा, विसाव्या शतकातल्या जुगाराच्या अड्ड्यांवरचा. यातली गोष्ट बघा. त्या खलाशाला विचारता येत असे, कुठे लागलं? दाखव. जखम असेल तर पैसे, नसेल तर चालू लाग. शब्दामागे दाखवण्याजोगं काहीतरी होतं.

माणूस स्मार्ट आहे म्हटलं तरी तेच. तो हुशार आहे की नाही हे चार दिवसांत कळतं. कपडे स्मार्ट आहेत की नाहीत ते तर समोरच असतं. फटका स्मार्ट होता की नाही हे ज्याला बसला त्याला विचारा.

विसाव्या शतकात हे विशेषण माणसाला सोडून यंत्राच्या डोक्यात शिरलं, आणि तेही युद्धात. व्हिएतनाममध्ये थान्ह होआचा पूल अमेरिकी विमानं १९६५ पासून पाडायला बघत होती. शेकडो उड्डाणं झाली, विमानं पडली, वैमानिक पकडले गेले, पूल उभाच. मे १९७२ मध्ये लेझरच्या ठिपक्यामागे जाणारे बॉम्ब टाकले आणि त्याचा गाळा कोसळला. ‘स्मार्ट बॉम्ब’ हा शब्द याच सुमाराला रूढ झाला. जे आपोआप नुसते खाली पडतात ते मग ओघानेच ‘डम्ब’ ठरले, म्हणजे बथ्थड. यातसुद्धा मी एक मान्य करीन. तो बॉम्ब काय करतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. तो नेमका लागतो. मूळ अर्थालाही, दुर्दैवाने, तो जागला होता.

त्यानंतर मात्र शब्द उधळला. १९७४ साली रोलाँ मोरेनो या फ्रेंच माणसाने चिप बसवलेल्या कार्डाचं पेटंट घेतलं. इंग्रजीने त्याला ‘स्मार्ट कार्ड’ म्हटलं. फ्रेंचांनी म्हटलं ‘पिसवेचं कार्ड’. ती चिप पिसवेएवढी, म्हणून. मला फ्रेंच नाव जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात वस्तूवर काय आहे ते सांगितलेलं आहे आणि वस्तूच्या बुद्धीबद्दल चकार शब्द नाही. १९९४ मध्ये आयबीएमने स्पर्शाच्या पडद्याचा ‘सायमन’ फोन विकायला काढला. आज त्याला पहिला स्मार्टफोन म्हणतात, पण तेव्हा कंपनीने स्वतः त्याला तसं म्हटलं नव्हतं. पुढे फोन स्मार्ट झाले तसे जुने फोन इंग्रजीत बावळट ठरले. आपल्याकडे मात्र कुणी तसं म्हटलं नाही. आपण म्हणालो ‘साधा फोन’, नाहीतर ‘बटणाचा फोन’. बटणाचा! हातात घेतल्यावर जे दिसतं ते नावात. मराठी माणसाला नाव ठेवता येतं, दोन्ही अर्थांनी.

२००८ च्या नोव्हेंबरात आयबीएमने ‘स्मार्टर प्लॅनेट’ नावाची मोहीम काढली आणि हे विशेषण शहरांना, रस्त्यांना, वीजवाहिन्यांना विकायला सुरुवात झाली. २५ जून २०१५ ला आपलं स्मार्ट सिटीज मिशन आलं. शंभर शहरं. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी लागली, तिच्यात पुणं दुसरं आणि सोलापूरही होतं. केंद्राकडून पाच वर्षांत ४८ हजार कोटी रुपये द्यायचं ठरलं होतं. या मिशनच्या मार्गदर्शक सूचना मी वाचल्या आहेत, कामाचाच भाग होता. त्यांच्या आरंभीच प्रश्न विचारलेला आहे, स्मार्ट सिटी म्हणजे काय? आणि उत्तर दिलेलं आहे की सर्वमान्य अशी व्याख्या नाही, प्रत्येकाच्या लेखी तिचा अर्थ वेगळा आहे.

हे मी चेष्टेने सांगत नाही. उलट सरकारी कागदात इतका सरळ कबुलीजबाब क्वचित सापडतो. पण मग मला एक सांगा. ज्या शब्दाला व्याख्या नाही त्याची पूर्तता झाली की नाही हे बघायचं कसं? रस्ता डांबरी म्हटला तर डांबर दिसलं पाहिजे. पाणी चोवीस तास म्हटलं तर रात्री दोनला नळ उघडून बघता येतो. ‘स्मार्ट रस्ता’ उघडून काय बघायचं?

आणि इथे माझी खरी तक्रार येते. एका पत्रकात ‘स्मार्ट कचराकुंडी’ आली होती. कुठल्या गावची ते सोडा. मी फोन लावला.

“साहेब, ही कुंडी काय करते?”

“मॅडम, तिच्यात सेन्सर आहे. भरली की मेसेज जातो.”

“मग तसंच लिहू? भरल्याची वर्दी देणारी कुंडी?”

“नको नको, स्मार्टच राहू द्या. वरून तसं आलंय.”

“बरं, मेसेज कुणाला जातो?”

इथे पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला आणि ‘सांगतो मी तुम्हाला’ असं म्हणून फोन ठेवला गेला. माणूस चांगला होता, मला फसवायचा त्याचा काही हेतू नव्हता. पण ‘वर्दी देणारी’ म्हटलं असतं तर ‘कुणाला’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी, निविदा काढतानाच उभा राहिला असता. ‘स्मार्ट’ म्हटल्यामुळे तो माझ्यासारख्या बाहेरच्या बाईच्या फोनपर्यंत कुणाला सुचलाच नाही. या शब्दाचं तुमच्या कागदावरचं काम हेच आहे. तो प्रश्न गिळतो.

तुम्ही म्हणाल, आमचा स्मार्ट म्हणजे विशेषण नाहीच, ती आद्याक्षरं आहेत. हो, तीही वाट मी चाललेली आहे. २०१४ साली गुवाहाटीच्या पोलीस महासंचालकांच्या परिषदेत पंतप्रधानांनी ‘स्मार्ट’ पोलिसिंगची अक्षरं फोडून सांगितली होती, एकेका अक्षराला दोन दोन गुण. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेला आपला बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प इंग्रजी अक्षरांनी जुळवून ‘स्मार्ट’ होतो. त्याच नावाची ती इवलीशी मोटार, तिच्यात स्वॉच आणि मर्सिडीज या कंपन्यांची आद्याक्षरं आणि पुढे ‘आर्ट’ आहे. एवढ्या ठिकाणी अक्षरं नेमकी तीच पाच यावीत हा योगायोग आहे, असं म्हणणाऱ्याला दीडशहाण्याचं पद द्यायला माझी हरकत नाही. शब्द आधी ठरतो आणि अक्षरं मागाहून गोळा होतात.

यात आपल्या स्मार्ट ग्राम योजनेला मी बाजूला काढेन. तिची अक्षरंसुद्धा जुळवलेलीच होती, पण त्यांच्यामागे स्वच्छता, व्यवस्थापन, दायित्व, अपारंपरिक ऊर्जा व पर्यावरण, पारदर्शकता व तंत्रज्ञान असे कप्पे होते आणि प्रत्येकाला गुण होते. ग्रामसेवकाला सांगता येत होतं, आमचे इथे इतके गेले. पुढे तिचं नाव आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव योजना झालं. मराठीत स्मार्ट म्हणजे देखणा, हे लक्षात घेतलं तर अनुवाद म्हणून मला तो फर्स्टक्लास वाटतो.

आद्याक्षरांचीच हौस असेल तर सगळ्यांत जुनी जुळणी तरी पाळा. १९८१ साली जॉर्ज डोरान यांनी व्यवस्थापनाच्या एका मासिकात लिहिलं की उद्दिष्टं ‘स्मार्ट’ असावीत. नेमकी, मोजता येणारी, कुणावर तरी सोपवलेली, झेपणारी आणि मुदत असलेली. तुमच्या प्रशिक्षणांत ही तक्ती असते, मीच तिचा अनुवाद तीनचार संस्थांना वेगवेगळा करून दिलेला आहे. त्या तक्तीला तुमच्याच ‘स्मार्ट’ योजनांची नावं लावून बघा. दुसऱ्या अक्षराशीच गाडी अडेल.

आता तुम्हीच, म्हणजे तुमच्याआधी त्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी, किती चांगली नावं ठेवली आहेत ते सांगते. घंटागाडी. काय नाव आहे! गाडी आहे, घंटा वाजवते. घंटा ऐकू आली नाही तर गाडी आली नाही, विषय संपला. कुठल्याही वस्तीतल्या बाईला नगरसेवकाला जाब विचारायला एवढं पुरतं. सातबारा तर नुसते दोन नमुन्यांचे क्रमांक, पण शेतकऱ्याला त्यातली ओळ न ओळ पाठ. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावात कुठून काय काढायचं आणि कुठे नेऊन टाकायचं ते सगळं आलं. शिवारात गाळ पडला की नाही हे बघायला डॅशबोर्ड लागत नाही. आणि रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात तिने माणसं जगवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ‘हमी’ हा शब्द नावात असल्यामुळे मजूर तहसीलवर मोर्चा नेऊन म्हणू शकत होते, हमी दिलीत ना, काम काढा. त्याच योजनेला तेव्हा कुणी ‘स्मार्ट रोजगार’ म्हटलं असतं तर त्या मोर्च्यांनी काय मागितलं असतं?

विजेच्या मीटरचं उदाहरण ताजं आहे. स्मार्ट प्रीपेड मीटर येणार म्हणताच २०२४ मध्ये गावोगावी विरोध झाला आणि सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना तो बसवणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. लोकांना स्मार्ट या शब्दात जुना अर्थ बरोबर ऐकू आला, आता खिशाला चटका. आता बसवतात त्याला टीओडी मीटर म्हणतात, वापराची वेळ नोंदवणारा. नाव बदलून तोच मीटर आणला, ही शंका लोकांच्या मनातून गेलेली नाही आणि ती कशी घालवायची हा तुमचा प्रश्न. पण नाव म्हणून बघाल तर दुसरं नक्कीच उजवं, कारण आता माझ्या शेजारच्या काकू विचारू शकतात की दिवसा नऊ ते पाच वापरलेल्या विजेची सवलत माझ्या बिलात कुठल्या ओळीत आहे. आणि विचारतात. पहिल्या नावाच्या वेळी त्यांना फक्त घाबरता येत होतं.

तेव्हा मागणी अशी. शब्दावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. शिक्के, पाट्या, केंद्राच्या निधीचे रकाने, या तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. ‘स्मार्ट’ ठेवा. पण मराठी मसुद्यात त्याच्या खाली एक ओळ सक्तीची करा, ही वस्तू काय करते. क्रियापदासह. ‘अत्याधुनिक’, ‘जागतिक दर्जाची’, ‘तंत्रज्ञानाधारित’ हे चालणार नाही, ते त्याचेच चुलतभाऊ आहेत. खांब स्मार्ट आहे तर तो उजेड देतो, का हवेतली धूळ मोजतो, का वायफाय देतो? शाळा स्मार्ट आहे तर फळ्याऐवजी पडदा आहे, का मुलांना पुस्तकं जास्त आहेत? ही ओळ लिहिता येत नसेल तर निविदा काढायला घाई झाली आहे असं समजावं. आणि ती ओळ अनुवादकाकडून लिहून घेऊ नये. आम्हाला शब्द येतात, यंत्र कुणाला मेसेज पाठवतं ते आम्हाला कुठून कळणार?

राहिल्या जुन्या पाट्या. मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. निळे-हिरवे फलक मात्र चौकाचौकांत, बसथांब्यांवर, बागांच्या दारांत उभे आहेत. ते काढण्यात पैसे घालवू नका. बहुतेकांवर खाली वीतभर जागा मोकळी असते. तिथे रंगाऱ्याकडून एवढंच लिहून घ्या, इथे काय बसवलं, केव्हा बसवलं, ते आज कोण सांभाळतं आणि बंद पडलं तर कुठे कळवायचं. फोन नंबर द्याल तो लागणारा द्यावा, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
इंग्रजीतून मराठीत तुमचे कागद आणणारी एक अनुवादक